पत्र्याचा आवाज

गेल्या ऑक्टोबरात ऑफिसातला एक सहकारी जेवताना सहज बोलून गेला की आईच्या घरामागच्या बार्नमध्ये वडिलांची जुनी प्लायमाउथ पडून आहे, भंगारवाला आठशे डॉलर द्यायला तयार आहे, पण आई म्हणते आधी कुणीतरी कळणारं माणूस येऊन बघून जाऊ दे, तर तू येशील का. मी विचारलं कुठली प्लायमाउथ. म्हणाला डस्टर, १९७० ची, कधीकाळी नारंगी होती. त्यानंतर दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

डस्टर म्हटल्यावर आपल्या लोकांना फळा पुसायचं डस्टर आठवतं किंवा फार तर रेनोची गाडी. ही वेगळी. १९७० साली क्रायस्लरच्या प्लायमाउथ ब्रँडने आपल्या साध्या व्हॅलियंटचा पुढचा भाग तसाच ठेवला, मागचं छप्पर उतरतं केलं, दोनच दारं, अंगावर वावटळीचं एक छोटंसं कार्टून चिकटवलं आणि तिला डस्टर म्हणून विकायला काढलं. पहिल्याच वर्षी दोन लाखांच्या वर खपल्या. त्यातल्या बहुतेक गाड्यांत साधी इंजिनं, तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं नाहीतर ३१८ चं व्ही-८. पण त्याच बॉडीत एक डस्टर ३४० निघायची, ३४० क्युबिक इंच म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ५.६ लिटरचं इंजिन, चार बॅरलचा कार्बोरेटर, २७५ हॉर्सपॉवर, आणि किंमत सुरू व्हायची २५४७ डॉलरपासून. मसल कार म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हीच गाडी सांगतो. साधी, हलकी, पगारदार माणसाला परवडणारी गाडी आणि तिच्या पोटात मोठं इंजिन. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून हा प्रकार लोकांच्या तोंडी झाला आणि दहा वर्षांच्या आत विम्याचे हप्ते, धुराचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तो संपवला.

इथे मिशिगनमध्ये, नोवायहून पश्चिमेला हॉवेलच्या पलीकडे त्यांचं घर. सहकाऱ्याची आई म्हणजे आजीच, ऐंशीच्या पुढच्या, काठी घेऊन पण ताठ चालणाऱ्या, त्यांनी मला आधी कॉफी दिली आणि मग म्हणाल्या, 'मला दोन्ही मुलं सांगतात की आई ही गाडी बाबांची आठवण आहे, आणि भंगारवाला सांगतो की हे लोखंड आहे. तू मला फक्त खरं सांग.' मी म्हटलं, 'सांगतो, पण वेळ लागेल, आणि जे सांगेन ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही.' त्या म्हणाल्या, 'म्हणूनच तुला बोलावलंय.'

त्यांचे मिस्टर हॅमट्रॅम्कला क्रायस्लरच्या डॉज मेन कारखान्यात होते. हॅमट्रॅम्क म्हणजे डेट्रॉईटने जवळपास चारी बाजूंनी वेढलेलं छोटं गाव, एकेकाळी पोलिश कामगारांचं. डॉज बंधूंनी १९१० च्या सुमारास तिथे कारखाना उभा केला, आठ-आठ मजली इमारती, आणि हे गृहस्थ तिथे लाइनवर दारं बसवायचे. दिवसभर दारं. बिजागरी लावायची, दार मारायचं, फट बघायची, पुढची गाडी. ही डस्टर त्यांनी नवी घेतली आणि कारखाना जानेवारी १९८० मध्ये बंद पडेपर्यंत तिच्यातूनच कामावर गेले, उन्हाळा असो की हिवाळा. 'हिवाळ्यात पण?' मी विचारलं. 'मग कशात जाणार होते?' आजी म्हणाल्या.

तिथेच मला अर्धं उत्तर कळलं होतं. दहा मिशिगनचे हिवाळे खाल्लेली गाडी. इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांना मी नेहमी सांगतो ती गोष्ट म्हणजे डेट्रॉईट शहराच्या पोटात, सुमारे १२०० फूट खाली, मिठाची खाण आहे, शंभराहून जास्त वर्षं जुनी, आणि तिच्यातलं खडेमीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. वर जगातल्या गाड्या बनवणारं शहर आणि त्याच शहराच्या खाली त्या गाड्या खाणारं मीठ. मी मुंबईत वाढलो, तिथे समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस पत्रा खातो हे लहानपणापासून बघितलेलं, पण मिठाचं पाणी गाडीच्या पोटाखाली आत शिरून, चिखलाबरोबर खोबणीत बसून, वसंतात जरा ऊब आली की जे काम सुरू करतं ते मी इथेच बघितलं. गंज कोरड्या लोखंडाला लागत नाही, गोठलेल्याला फारसा लागत नाही, त्याला ओल पाहिजे आणि हवा पाहिजे आणि मिठामुळे ते पाणी वीज वाहून न्यायला तयार झालं की मग काही विचारू नका. आणि गंज नुसता खात नाही, तो फुगतो. मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्रे जिथे एकावर एक स्पॉट वेल्ड केलेले असतात तिथे तो आतून पाचर मारल्यासारखा पत्रे फाकवतो.

माझं पोटापाण्याचं कामच हे आहे, गाडीची बॉडी किती वर्षं टिकेल ते बघणं. आजच्या गाडीचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो, अख्खी बॉडी विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या टाकीत बुचकळून काढतात, पोकळ भागांत मेण फवारतात. १९७० च्या गाडीच्या नशिबी यातलं फार थोडं होतं. ती गाडी चार-पाच वर्षांनी बदलली जाईल या हिशेबानेच बनली होती, आणि पन्नास वर्षांनी कुणी परदेशी माणूस तिच्याखाली आडवा पडून टॉर्च मारेल असं तेव्हा कुणाच्या मनात येणार.

आता माझा या प्लायमाउथशी काय संबंध, तर आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती क्रायस्लरशी करार करून, आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लायमाउथ, डीसोटो जोडल्या जायला लागल्या. फियाट नंतर आली. बाबा १९७४ ला तिथे बॉडी शॉपला लागले तेव्हा पद्मिनीचे दिवस सुरू होत होते, पण त्यांना हातात हात धरून शिकवणारे जुने कारागीर प्लायमाउथवर हात बसवलेले. आमच्या घरी प्लायमाउथ हा शब्द एखाद्या लांबच्या श्रीमंत नातेवाइकासारखा यायचा. बाबा सांगायचे की उस्ताद म्हणायचे, पत्रा बघायचा नसतो, ऐकायचा असतो. कुर्ल्याचा कारखाना गेला, तिथे आता इमारती आहेत. डॉज मेन पण १९८१ मध्ये पाडला. बाबांची ती हातोडी मात्र माझ्याकडे आहे, दांडा दोनदा बदललेला, चेक-इन बॅगेतून आणलेली.

बार्नमध्ये जायच्या आधी एक सांगतो, कारण त्याशिवाय मी एवढा सावध का आहे ते कळणार नाही. २०१६ साली मी एक मस्टँग घेतली होती, १९६७ ची, लाल, आरशासारखा रंग. विकणाऱ्याने फोटोंचा अल्बम दाखवला, इंजिन एका चावीत सुरू झालं, आणि मी इंजिन ऐकून पैसे दिले. पहिल्या पावसात गाडीत पायाखाली तळं. त्या मस्टँगांना काचेच्या खाली हवा आत घ्यायची जी पेटी असते ती आतून सडते आणि पाणी सरळ पुढच्या फ्लोअरवर येतं, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. कार्पेट उचललं तर खाली रिव्हेट मारलेले पत्र्याचे तुकडे आणि वर डांबर. मागचे दोन्ही क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे, खरवडले तर बोटभर जाड लांबी म्हणजे पुट्टी, लांबीच्या मागे जाळी, जाळीच्या मागे काही नाही. वरून कीर्तन आतून तमाशा. ती गाडी शेवटी सुट्या भागांत गेली आणि सोळा हजार डॉलरपैकी निम्मे पण परत आले नाहीत. पैशाचं दुःख वर्षभरात गेलं, पण ज्या माणसाने समोर बसून चहा पाजून खोटं सांगितलं त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. आजी जेव्हा म्हणाल्या की फक्त खरं सांग, तेव्हा मला ते कुठे लागलं असेल ते लक्षात येईल.

बार्नचं दार ढकललं. मातीची जमीन. हे वाईट, कारण मातीतून ओल वर येत राहते आणि गाडी खालून सडते, वरून छप्पर असलं तरी. गाडी चादरीखाली, चादर काढल्यावर नारंगी रंगाचा खडूसारखा झालेला थर, पुढच्या मडगार्डचे खालचे कोपरे गायब, मागच्या चाकांवरच्या कमानी मोहरमच्या ताबुताच्या कागदासारख्या कातरलेल्या. उंदरांचा वास. आणि माझी लेक, जी पंधरा वर्षांची आहे आणि खरं तर कंटाळून बरोबर आली होती, ती एकदम म्हणाली, 'बाबा, ही रागावलेली दिसतेय.' खरंच तशी दिसते ती पुढून.

आधी कागदपत्रं. नंबर डॅशबोर्डवर काचेतून दिसतो, व्हीएस२९एच०बी पासून सुरू होणारा. व्ही म्हणजे व्हॅलियंट घराणं, २९ म्हणजे ही दोन दारांची बॉडी, एच म्हणजे ३४०, शून्य म्हणजे १९७०, बी म्हणजे हॅमट्रॅम्क. हा एच तिथे आहे की नाही यावर लोकांची झोप उडते, कारण साध्या डस्टरवर पट्टे चिकटवून ३४० म्हणून विकणारे भरपूर. मग बॉनेट उघडून आतल्या मडगार्डवरचा छोटा पत्र्याचा टॅग, त्यावर रंगाचा कोड ईके२, म्हणजे प्लायमाउथच्या भाषेत व्हिटॅमिन सी. खरंच त्या रंगाचं नाव तसं होतं. मग खाली आडवं होऊन इंजिनाच्या ब्लॉकवर उजवीकडे तेलाच्या चेंबरच्या काठाजवळची सपाट जागा तारेच्या ब्रशने घासली, दहा मिनिटं घासल्यावर आकडे वर आले, आणि ते गाडीच्या नंबरशी जुळले. म्हणजे हे इंजिन याच गाडीचं. मागची सीट उचलली तर स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळा कागद, अर्धा उंदरांनी खाल्लेला, पण वाचता येण्यासारखा. लाइनवर प्रत्येक गाडीबरोबर असा कागद फिरायचा, कुठले भाग बसवायचे ते सांगणारा, आणि काम झाल्यावर कधीकधी सीटमध्ये राहून जायचा. आजींनी तो हातात घेतला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि काही न बोलता घडी घालून खिशात ठेवला. मी तो परत मागितला नाही.

इथपर्यंत कुणीही वेडा होईल. खरी ३४०, जुळणारे नंबर, कागद, एकाच मालकाची. मस्टँगच्या वेळचा मी तिथेच चेक फाडला असता. पण इंजिन हा या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग आहे हे मला आता कळलंय. इंजिन उतरवता येतं, टेबलावर ठेवता येतं, सिलिंडर बोअर करता येतात, पिस्टन मिळतात. या गाडीला चासी वेगळी नाही, बॉडीच चासी आहे. ज्या पत्र्यावर तुम्ही पाय ठेवता तोच पत्रा गाडीला वाकण्यापासून वाचवतो. आणि क्रायस्लरच्या या गाड्यांत पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, दोन लांब पोलादी सळया आहेत, टॉर्शन बार, ज्या पुढच्या चाकापासून मागे येतात आणि पुढच्या सीटखालच्या आडव्या मेंबरमध्ये सॉकेटात बसतात. पुढच्या चाकांवरचं वजन त्या सळयांच्या पिळावर, आणि तो पिळ धरून ठेवतो तो हा आडवा मेंबर, दुहेरी पत्र्याची पोकळ पेटी, जिच्यात माती आणि मीठ बसायला भरपूर जागा. तो सडला तर सॉकेट पत्र्यातून सुटून वर सीटखाली येऊ शकतं.

साडेनऊ वाजले होते, म्हणजे डोंबिवलीला संध्याकाळचे सात. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. लेकीने फोन धरला, मी गाडीखाली.

'कॅमेरा नको,' बाबा म्हणाले. 'काही दिसत नाही मला. फोन पत्र्याजवळ धर आणि ठोक.'

मी उजवीकडून सुरुवात केली. हातोडी हलकी, मनगटातून. टण. चार बोटं पुढे. टण. 'हा, पुढे.' टण, टण. उजवा सॉकेट, त्याच्या भोवती सगळीकडून, टण. 'हा चांगला आहे. मधे ये.' मधे आवाज जरा जाड झाला, बाबा म्हणाले आत माती आहे, पत्रा आहे. मग डावीकडे सरकलो. आणि डाव्या सॉकेटच्या वीतभर आधी तो आवाज आला, जो ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा असतो. भद्. परत मारलं. भद्. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा हातोडीचं टोक आत गेलं आणि माझ्या चष्म्यावर तपकिरी भुसा पडला. बाबा पलीकडे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हे गेलं. मागे जा.'

मागचा डावा रेल, जिथे लीफ स्प्रिंग टांगलेली असते, तिथे स्क्रूड्रायव्हर दोन ठिकाणी आरपार गेला. डिकीचा फ्लोअर म्हणून काही राहिलंच नव्हतं, स्टेपनीची जागा म्हणजे नुसती कडा. ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बाहेरून फिरवला, तो मात्र सगळीकडे चिकटला, कुठेही लांबी नाही. म्हणजे गाडी सडलेली होती पण खोटी नव्हती. या एका गोष्टीने मला फार बरं वाटलं, कारण जे भोक दिसतं त्याचं माप घेता येतं.

साधारण इथे मी मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं होतं. आजींना काय शब्दांत सांगायचं तेही जुळवायला लागलो होतो. तेवढ्यात बाबांनी विचारलं, 'दारं लागतात का?'

दारं. मी ती बघितलीच नव्हती. ड्रायव्हरचं दार धरून उघडलं, मला वाटलं खाली लोंबेल, कारण खालची बॉडी इतकी गेलेली असताना दार नेहमी लोंबतं आणि लावताना वर उचलावं लागतं. ते लोंबलं नाही. लावलं. ठक. एकदाच, आणि बसलं. फट वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी. बाबांनी फोनवरूनच तो आवाज ऐकला आणि म्हणाले, 'परत लाव.' मी परत लावलं. 'हे कसं काय?' ते म्हणाले. मी पण तेच म्हणत होतो.

मग नीट खाली बघितलं तेव्हा कळलं. गाडी टायरवर उभी नव्हती. दोन्ही सिलखाली, म्हणजे दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्यांखाली, पुढे मागे, आणि त्या आडव्या मेंबरखाली ओकचे जाड ठोकळे लावलेले होते, रेल्वेच्या स्लीपरसारखे, आणि प्रत्येक ठोकळा आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचा तुकडा, आणि जिथे उंची कमी पडली तिथे पातळ लाकडी पाचरी, एकेक बेतून मारलेली. ज्या माणसाने आयुष्यभर दारं बसवली त्याला माहीत होतं की पत्रा जाणार आहे. त्याच्या हातात तेव्हा पैसे नव्हते किंवा वेळ नव्हता किंवा आणखी काही असेल, पण पत्रा गेला तरी गाडी बसू नये, तिचा आकार सुटू नये, एवढी तजवीज त्याने करून ठेवली. मी आजींना विचारलं हे कुणी लावलं. म्हणाल्या, 'तोच. दर वसंतात येऊन बघायचा. मला वाटायचं नुसता बसायला येतो.'

दुपारी मी घरून ओळंबा आणि टेप घेऊन परत गेलो. कंपनीच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बॉडीच्या खालच्या बाजूची मापं दिलेली असतात, कुठल्या भोकापासून कुठल्या भोकापर्यंत किती. त्या भोकांतून ओळंबा सोडायचा, खाली पुठ्ठ्यावर खूण करायची, आणि मग कर्ण मोजायचे, डावा पुढचा ते उजवा मागचा, आणि उलट. दोन कर्णांत फरक आला चार मिलिमीटर. मी तीनदा मोजलं. इतकी सडलेली गाडी आणि चार मिलिमीटर. बाबांना सांगितलं तर म्हणाले, 'पत्रा मिळेल रे. मापं मिळत नाहीत.'

याचा अर्थ हिशेब जुळला असं नाही, आणि हे मला नीट सांगायचंय कारण जुन्या गाड्यांबद्दल लिहिणारे बरेच जण इथे हात आखडता घेतात. मी वहीत मांडलं. फ्लोअर, डिकी, क्वार्टर पॅनल हे नवे बनवलेले मिळतात, या गाडीचे मस्टँगएवढे सहज नाही पण मिळतात. मस्टँगच्या तर काही सालांच्या मॉडेलची अख्खी नवी बॉडी कुणी विकत देतं. आडवा मेंबर बहुधा अॅरिझोनासारख्या कोरड्या भागातल्या एखाद्या मेलेल्या डॉज डार्टमधून कापून आणावा लागेल, कारण डार्ट आणि डस्टर खालून भावंडं. पत्रा, इंजिन, ब्रेक, वायरिंग, रंग, काचा, सीट, सगळं मी स्वतः केलं तरी बत्तीस हजार डॉलर आणि माझे हजार-अकराशे तास. शॉपला दिली तर एका ठिकाणी सत्तर हजाराच्या पुढे सांगितलं आणि दुसऱ्याने बॉडीचे फोटो बघून नम्रपणे नाही म्हटलं. आणि चांगली तयार डस्टर ३४०, उद्या चावी फिरवून चालवता येईल अशी, मला माझ्या बत्तीस हजारात किंवा थोड्या वरखाली मिळू शकते. आई फोनवर म्हणाली, 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.' तिचं शंभर टक्के बरोबर आहे. पैशासाठी कुणी ही गाडी करत असेल तर करू नये, मी हे कुणालाही तोंडावर सांगेन.

काही जण तिसरा रस्ता सुचवतात, की इंजिन आणि गिअरबॉक्स काढून चांगल्या साध्या डस्टरमध्ये घाल आणि नंबराची पट्टी तिकडे लाव. इंजिन बदलणं ठीक, पण नंबराची पट्टी काढून दुसऱ्या बॉडीवर लावणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी केलं नसतं. मग ती गाडी कुठली राहिली? हॅमट्रॅम्कला १९७० साली ज्या बॉडीला दार बसवलं ती भंगारात आणि तिचं नाव दुसरीच्या अंगावर. आणि दुसऱ्या टोकाचे लोक आहेत जे प्रत्येक स्क्रू मूळ रंगात आणून गाडी ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला नेतात आणि ट्रेलरवरूनच परत आणतात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असतं, १९९५ पासून, मैलच्या मैल जुन्या गाड्या नुसत्या हळू हळू चालतात, लोक खुर्च्या टाकून बसतात, मी दरवर्षी जातो. तिथे मला ट्रेलरवरून उतरलेल्या गाड्यांसमोर थांबावंसं वाटत नाही. जिच्या दारावर चरा आहे आणि मागच्या सीटवर मुलं आहेत तिच्यासमोर मी अर्धा अर्धा तास उभा राहतो.

आजींकडे पुढच्या रविवारी गेलो आणि सगळं सांगितलं. काय सडलंय, किती खर्च, पैशात बघितलं तर भंगारवाल्याचं बरोबर आहे. त्यांनी मान हलवली. मग मी ठोकळ्यांचं सांगितलं. चार मिलिमीटरचं सांगितलं. ओक, रबर, पाचरी. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, जिथून बार्न दिसतो. बराच वेळ तिथेच होत्या. मग म्हणाल्या, 'भंगारवाला आठशे देतोय. तू पण आठशेच दे. जास्त दिलेस तर मला वाटेल तू दया करतोयस.' मी म्हटलं गाडीतलं इंजिनच त्याच्या कितीतरी पट आहे, असं कसं चालेल. तर म्हणाल्या, 'इंजिनाबद्दल तो कधी बोलायचाच नाही. दारांबद्दल बोलायचा.' शेवटी त्यांच्या मुलाला मधे घेऊन आम्ही एक आकडा ठरवला, तो दोघांनाही थोडासा नापसंत आहे.

बायकोने फक्त एक प्रश्न विचारला, किती वर्षं. मी तीन हिवाळे म्हटलं. तिने कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली की मग लेक कॉलेजला जाईल त्या वर्षी. आम्ही दोघांनी पैशाची एक मर्यादा लिहून फ्रिजवर लावली आहे, आणि एक अटही लिहिली आहे, ती माझी. पहिल्या हिवाळ्यात फक्त डावा मेंबर आणि डावा रेल. त्यानंतर ठोकळे काढून गाडी चाकांवर उतरवायची आणि दार लावून बघायचं. दार बसलं तर पुढे. नाही बसलं तर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल ज्याला गरज आहे त्याला देऊन टाकायचा आणि थांबायचं. मस्टँगच्या वेळी मी थांबू शकलो नव्हतो.

गाडी फ्लॅटबेडवर चढवताना मी ठोकळेही मागून घेतले. सगळे, पाचरींसकट, खडूने नंबर घालून, कुठला कुठे होता ते. आता माझ्या गॅरेजच्या काँक्रीटवर ते त्याच जागी आहेत आणि त्यांच्यावर गाडी. एक पाचर वाटेत हरवली, ती मी घरी ओकचीच करून घातली, जुन्या पाचरींसारखी ती काळपट नाही, लगेच ओळखू येते.

जानेवारीत कापायला घेतोय. आधी दोन्ही दारं बंद करून आतून चौकोनी पाइपचे टेकू मारायचे, मग परत कर्ण मोजायचे, मगच ग्राइंडर लावायचा, आणि एका वेळी एकच बाजू, हे बाबांनी मला तीनदा बजावलंय आणि लेकीला वेगळा फोन करून चौथ्यांदा.